लॉगिन राहू दे, आधी नियम बघा

रत्नागिरी

प्रिय मुली,

कॉलेजात विषय निवडण्यासाठी तुम्ही चौघांनी केलेलं ॲप उघडून पाहिलं. रंग छान, लॉगिन चकाचक. पण एकाच वेळेचे दोन विषय निवडले तरी ते हूं की चूं करत नाही, वर हिरवी खूण दाखवतं! हा नुसता फॉर्म झाला.

स्क्रीन बाजूला ठेवा आणि एक्सेल उघडा. विषयाचा कोड, नाव, सत्र, क्रेडिट, वार-वेळ, जागा, आणि हा विषय घ्यायला आधी कोणता झालेला लागतो, एवढे रकाने करा. कोड मजकूर म्हणूनच साठवा. आकडा म्हणून ठेवलात तर सुरुवातीची शून्यं गळतात आणि चूक कुठे आहे ते शोधत बसावं लागतं. आणखी एक रकाना हवाच, तो म्हणजे प्रवेशाचं वर्ष. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मुळे मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडीचा दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (आपल्या शाखेबाहेरचा निवडीचा विषय) अशी मांडणी आली. जुन्या बॅचचे नियम वेगळे, नव्यांचे वेगळे. उद्या मुंबई विद्यापीठाने अभ्यासक्रम बदलला तर नुसता तक्ता बदलून भागलं पाहिजे, ॲपच्या प्रोग्रामला हात लावायची वेळ येऊ नये.

सत्राला साधारण 20 ते 22 क्रेडिट. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे 15 तास, प्रॅक्टिकलचं 30. ही बेरीज निवडतानाच दिसू दे. एखादा विषय घेता येत नसेल तर बटण राखाडी करून मोकळे होऊ नका. कारण लिहा: ‘मंगळवारी 11 वाजता तुझं स्टॅटिस्टिक्सचं लेक्चर आहे.’ पोरं ऑफिसच्या खिडकीशी रांग लावतात ती हेच विचारायला.

त्या खिडकीमागे जे बसतात, त्यांच्याकडे एकदा निवांत जा. प्रवेशाच्या गर्दीत नको. कुठली जोडी दरवर्षी अडते, कुठला विषय मुलं कमी म्हणून सुरूच होत नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. माहितीपत्रकात यातलं काही सापडायचं नाही.

आणि एसटी! पावसहून, लांज्याहून येणाऱ्या मुलीने चारचं प्रॅक्टिकल घेतलं तर ती घरी कधी पोचणार? ‘शेवटचा तास किती वाजता सुटतो’ हे निवडीच्या स्क्रीनवरच दाखवा. मोठ्या शहरात ॲप करणाऱ्याला हे सुचणार नाही. तुम्हाला सुचायला हवं होतं.

ॲप फ्लटरमध्ये लिहायचं की कोटलिनमध्ये, यावर भांडू नका. चौघांपैकी दोघांना जे येतं ते घ्या.

पावसाळ्यात लाइट गेली की पाठोपाठ रेंजही जाते, तेव्हा विषयांची यादी फोनमध्येच एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवा आणि नेट आलं की ताजी करा. यादी कोणत्या तारखेची आहे तेही वर छापा. जुन्या यादीवरून कोणी फॉर्म भरला तर बोल तुम्हालाच लागणार. आधार नंबर, टक्के असलं काही मागू नका. विषय निवडायला ते लागत नाही.

प्ले स्टोअरची फी एकदाच, 25 डॉलर. मात्र नव्या वैयक्तिक खात्यावरून ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी निदान 12 जणांनी सलग 14 दिवस चाचणीत राहावं लागतं. ते बारा जण आतापासून हेरून ठेवा. सगळे कॉम्प्युटरवाले नकोत; कॉमर्सचे, आर्ट्सचे घ्या, आणि ऑफिसातले ते खिडकीवालेही घ्या. एक्सेल झालं की आधी मला पाठव, स्क्रीन नंतर बघू.

तुझे,
सर