वाचकांचे प्रश्न : बिडाच्या तड्यात सोल्डर चालेल का?

प्रश्न : विहिरीवरच्या पंपाच्या बिडाच्या केसिंगला बोटभर तडा गेला आहे. घरात रेडिओ दुरुस्तीचे ६०/४० सोल्डर (६० टक्के कथील, ४० टक्के शिसे) आहे. हाताला तेही बिडासारखेच जड लागते. त्याने तडा बुजवता येईल का?

उत्तर : नका बुजवू. वजनावरून ताकद ठरत नाही. या सोल्डरची घनता घनसेंटिमीटरला सुमारे ८.५ ग्रॅम, म्हणजे बिडाच्या ७.२ पेक्षाही जास्त. पण एफजी २०० दर्जाचे बीड ताणात किमान २०० मेगापास्कल सोसते, सोल्डर ४०-५० च्या आसपास तुटते. तेही झटक्यात ओढले तर. सतत दाब राहिला, तर ते काही मेगापास्कललाच हळूहळू सरकू लागते.

कारण वितळबिंदूत आहे. ६०/४० सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. केल्विनमध्ये, म्हणजे उणे २७३ अंशांना शून्य धरून मोजले तर २५ अंशांची साधी हवाही त्याच्या या तापमानाच्या ६५ टक्के भरते. साधारण ११५० अंशांना वितळू लागणाऱ्या बिडाच्या बाबतीत हेच प्रमाण २१ टक्के. धातू आपल्या वितळबिंदूच्या निम्म्यापुढे गेला की भाराखाली सरकतोच.

शिवाय सोल्डर तापल्यावर बिडाच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावते. उन्हात तापलेल्या केसिंगमध्ये विहिरीचे गार पाणी आले आणि तापमान ३० अंशांनी उतरले, तर १०० मिमी लांबीमागे दोघांत ०.०४ मिमीचा फरक पडतो. रोज हे झाले की सांधा कडेने सुटतो. मुळात तो धरतोच कमी, कारण बिडातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांवर कथील पसरत नाही. ग्राइंडर फिरवला की ग्राफाइट आणखी माखते.

योग्य इलाज निकेलच्या वेल्डिंग रॉडचा. आधी तड्यावर रॉकेल लावून पुसा आणि खडूची पूड भुरभुरवा. ओल वर येऊन तड्याची खरी टोके दिसतील. ती बहुधा डोळ्यांना दिसतात त्याच्या पुढे असतात. दोन्ही टोकांना ३ मिमीचे भोक पाडा, नाहीतर तडा पुढे पळतो. व्ही आकाराची खाच करा, मुरलेले तेल टॉर्चने जाळा. मग एकावेळी २५ मिमीच वेल्ड घाला, गरम असतानाच हातोडीने हलके ठोका, हात लावता येईल इतके निवू द्या, मगच पुढचा टाका. निववण्याची घाई केली तर वेल्डशेजारचे बीड पांढरे, काचेसारखे कडक होते. त्यावर कानस चालत नाही आणि नवा तडा तिथूनच निघतो. शेवटी केसिंग कोरड्या चुन्यात पुरून सावकाश निववा.

प्रश्न : मग बिनशिशाचे सोल्डर?

उत्तर : ते २१७ अंशांना वितळू लागते, सरकते थोडे कमी, केसिंगला तेही पुरत नाही. मात्र पिण्याच्या पाण्याच्या तांब्याच्या नळाला सांधा द्यायचा असेल तर फक्त तेच वापरा, शिशाचे कधीही नाही.