'आय विल, येह' म्हणजे नाही

अरे बाबा,

तुझा रात्री दोन वाजताचा मेसेज सकाळी बघितला. आयर्लंडात कॉर्कला येऊन सात आठवडे झाले, अजून एकाही आयरिश माणसाशी हाय-फाइन-थँक्यूच्या पुढे गाडी गेली नाही, घरात चौघं त्यातले तिघं आपल्याच बाजूचे, म्हणजे सकाळी मराठी रात्री मराठी आणि लेक्चरला मागची रांग. इथवर ठीक होतं. पण शेवटी लिहिलंस की ताई माझं इंग्लिशच कच्चं आहे, आधी ते सुधारतो मग मित्र करतो, ते वाचलं आणि म्हटलं आता याला नीट बसून लिहावंच लागणार.

कारण हेच वाक्य मी 2009 ला म्हणत होते आणि त्यात माझी दोन वर्षं गेली. बी.कॉम. इस्लामपूरचं, शाळा मराठी मीडियम, नवरा इथे कॉर्कजवळ रिंगास्किडीला औषधाच्या प्लँटवर, आणि मी घरात ग्रामरचं पुस्तक घेऊन पास्ट परफेक्ट पाठ करत बसलेली. पास्ट परफेक्ट पक्कं झालं रे, पण शेजारीण दारात भेटली की मी चाव्या शोधायचं नाटक करायचे. तुझे आयईएलटीएसला साडेसहा आलेत ना? मग तुझं इंग्लिश माझ्या तेव्हाच्या इंग्लिशच्या दुप्पट आहे, तुझा प्रॉब्लेम इंग्लिश नाहीये. तुला वाटतंय की बोलणं म्हणजे परीक्षा, समोरचा प्रश्न विचारतो, आपण पूर्ण वाक्यात बरोबर उत्तर द्यायचं. इथे तसं कोणी बोलतच नाही.

माझं इंग्लिश सुटलं ते एका दुकानाच्या डेली काउंटरवर, म्हणजे तयार खाणं भरून देतात तिथे. चिकन फिले रोल, लांब पावात चिकन भरलेला, तू एव्हाना खाल्ला असशीलच, इथल्या पोरांचा वडापाव आहे तो. माळकरी घरातली मी, रोज दुपारी बारा ते दोन ते रोल भरायचे, आईला फोनवर सांगायचे सँडविच करते. पण बघ, तिथे मला पाचच प्रश्न विचारायचे असायचे. प्लेन का स्पायसी, बटर का मेयो, चीज हवं का, सॅलड काय, मधून कापू का. दिवसाला पन्नास माणसं, पाच प्रश्न, आणि मधल्या दोन मिनिटांत ब्रेड कापता कापता गिऱ्हाईक काहीतरी बोलायचंच, पावसाचं नाहीतर मॅचचं. पहिले दोन महिने मी नुसती हसायचे. मग पाठ झालं की कशावर काय म्हणायचं. तीच माणसं त्याच वेळेला यायची, आणि एक दिवस एक ड्रायव्हर काका आले तेव्हा मी न विचारता स्पायसी, नो बटर म्हणाले तर ते केवढे खूश झाले, जसा काही मी त्यांचा वाढदिवस लक्षात ठेवलाय. मैत्री म्हणून जे काही असतं ते मला तिथं कळलं, त्यात मी एकही अवघड शब्द वापरला नव्हता.

तर पहिली गोष्ट, "हाऊज द फॉर्म" किंवा "हाऊ आर ये" कोणी म्हटलं की तो प्रश्न नाही. आपल्याकडे गल्लीत कोणी "काय म्हणतोस" म्हटलं तर तू काय म्हणतोस? "काही नाही, चाललंय." झालं. तसंच "नॉट टू बॅड, युअरसेल्फ?" म्हणायचं, आणि चालत राहिलं तरी चालतं, कोणी वाईट वाटून घेत नाही. तू बहुतेक थांबून "आय अ‍ॅम फाइन थँक्यू, अँड हाऊ आर यू" असं पूर्ण म्हणतोस, तोवर तो माणूस जिना उतरलेला असतो आणि तुला वाटतं त्याने तुला टाळलं. टाळलं नाही रे.

आणि 'ये' ऐकून गोंधळू नको. ते 'या, ये' मधलं ये नाही, एकापेक्षा जास्त माणसांना इथे यू न म्हणता 'ये' म्हणतात. पुस्तकातल्या इंग्लिशमध्ये तू आणि तुम्ही सगळं एकच, यांनी बोलताना वेगळं ठेवलंय, मला ते फार आवडतं. अजून एक गंमत सांगते. आयरिश भाषेत हो आणि नाही असे शब्दच नाहीत, क्रियापद परत म्हणतात, आणि ती सवय त्यांच्या इंग्लिशमध्येही उतरलीय. "इज इट रेनिंग?" "इट इज." "डिड यू ईट?" "आय डिड." आता आपलं बघ, "जेवलास का?" "जेवलो." तेच ना? मराठीतनं विचार करून बोलू नये असं क्लासमध्ये सांगतात, इथे खुशाल कर.

आता फसायच्या जागा. "कम हिअर टू मी" म्हणजे "अरे ऐक ना". मला हे माहीत नव्हतं, काउंटरपलीकडून एक बाई म्हणाली आणि मी हातात चमचा घेऊन काउंटरला वळसा घालून तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, रांगेतली सगळी बघत होती. दुसरं, "युअर मॅन" म्हणजे तुझा नवरा नाही, "तो माणूस" एवढंच. कपाटाला प्रेस म्हणतात, कुठल्याही वस्तूला योक म्हणतात, "आय अ‍ॅम आफ्टर मिसिंग द बस" म्हणजे आत्ताच बस चुकली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "आय विल, येह" म्हणजे नाही. सरळ सरळ नाही. मी एका पोराला विचारलं माझी शनिवारची शिफ्ट घेशील का, तो म्हणाला आय विल, येह, मी निवांत घरी बसले. सोमवारी मॅनेजरने मला जे गिव्हिंग आऊट केलं, म्हणजे झापलं, त्यात मला तीन नवे शब्द शिकायला मिळाले, ते इथे लिहीत नाही. खरं होकाराचं वाक्य साधं असतं, "आय विल, नो बॉदर." सूर ऐक, शब्दावर जाऊ नको. आपल्याकडे "हो हो, करतो की" म्हणणारा करत नाही हे तुला ऐकूनच कळतं ना, तोच कान इथे लाव.

चहाचंही तसंच. कोणी घरी बोलावलं, चहा विचारला आणि तू "नो थँक्यू" म्हणालास तर ते परत विचारतील, मग परत, कारण पहिलं नको हे नकोच नसतं हे त्यांनाही माहीत आहे. आपल्या आजीसारखंच. डब्लिनला एक वर्ष राहून लोक म्हणतात ही पाश्चात्त्य माणसं कोरडी असतात वगैरे, मला तर इथे पहिल्यांदा आग्रह बघून घरची आठवण आली होती.

पबचं विचारलंस. पीत नाहीस तर नको पिऊ, पण जायचं टाळू नको. तिथे राउंड असतो, एकजण सगळ्यांचं घेतो मग दुसरा. आपल्या पोरांची सगळ्यात मोठी चूक ही की दुसऱ्याने दिलेलं पिऊन घेतात आणि आपला नंबर आला की बस पकडायची असते. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा कोणी बोलावत नाही, आणि आपल्याला वाटतं रंगामुळे बोलावत नाहीत. एक तर सुरुवातीलाच सांग की मी राउंडमध्ये नाही, माझं मी घेतो. नाहीतर रॉक शँडी माग, लिंबू आणि संत्र्याचं असतं, दारू नसते, आणि स्वतःचा राउंड घे. महाग पडतं माहितीय, आठवड्याला वीसच तास काम करता येतं तुला, म्हणून महिन्यातनं एकदा जा, पण नीट जा.

रंगाचा विषय निघालाच तर खोटं सांगणार नाही. 2025 च्या जुलै-ऑगस्टमध्ये डब्लिनला आपल्या लोकांवर हल्ले झाले, एम्बसीने सूचना काढली, तुझ्या आईने मला त्या आठवड्यात चार फोन केले होते. रात्री उशिरा टवाळ पोरांचा घोळका दिसला तर रस्ता बदल, त्यात कसला कमीपणा नाही. पण त्या पोरांच्या भीतीने वर्गातल्या पोरांशी बोलणं बंद करू नको एवढंच.

विषय कुठून आणायचा म्हणतोस. क्रिकेट काढू नको, 2011 ला बंगलोरला आयर्लंडच्या केविन ओब्रायनने इंग्लंडविरुद्ध 50 बॉलमध्ये शंभर मारले ते तुला आठवेल, इथे शेजारच्याला आठवणार नाही. कॉर्कमध्ये हर्लिंग, इथला काठी-बॉलचा खेळ. दोन्हीकडे पंधरा-पंधरा, हातात अ‍ॅश लाकडाची काठी, बॉल गोलाच्या आडव्या बारखालून गेला तर गोल म्हणजे तीन पॉइंट, बारवरून एक. नियम नाही कळले तर उत्तमच, विचार, माणूस अर्धा तास समजावेल आणि तुला फक्त मान हलवायची आहे. मात्र 2025 ची फायनल जपून काढ. हाफटाइमला कॉर्क सहा पॉइंटने पुढे होतं, आणि दुसऱ्या हाफमध्ये सगळे मिळून दोन पॉइंट. दोन! टिपररी जिंकले. त्याच्या आदल्या वर्षी क्लेअरकडून एका पॉइंटने गेली होती. इथल्या माणसाला नुसतं "आय सॉ द सेकंड हाफ" एवढं म्हण आणि पुढचं सगळं ऐकून घे.

आणि वराडकर आहेतच. लिओ वराडकर 2017 ला इथले पंतप्रधान झाले, त्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, 2019 च्या शेवटी ते तिकडे जाऊनही आले. कुठून आलास विचारलं की महाराष्ट्र म्हणून कोणाला कळत नाही, वराडकरांच्या बाजूचा म्हण, लगेच कळतं. सांगली आणि मालवणात किती अंतर आहे ते कोण बघतंय. फक्त ते आवडतात का नाही यावर मत देत बसू नको.

नावाचं मात्र मला आवडलं नाही. तू म्हणे स्वतःचं नाव कापून दोन अक्षरांचं केलंस त्यांना म्हणता यावं म्हणून. अरे, ही माणसं सिओभान लिहून शिव्हॉन म्हणतात, नियाम्ह लिहून नीव्ह म्हणतात, ताढग लिहून टाइग! यांना तुझं नाव जड जाईल? पूर्ण सांग, दोनदा सांग, आणि त्यांचं कसं म्हणायचं ते विचार. दोघांनी एकमेकांची नावं बिघडवायची, तेवढ्यातच पाच मिनिटं जातात.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते. माझ्यासोबत काउंटरवर एक बाई होती, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी, माझ्याशी कामापुरतं बोलायची, पास मी द योक एवढंच. तिची आई गेली. बाकीचे म्हणाले संध्याकाळी जायचंय, तू येतेस? मला वाटलं मी कोण, ओळख ना पाळख, आणि बोलू काय. मग आठवलं, आपल्याकडे गल्लीत कोणी गेलं तर भेटायला जायला ओळख लागते का? गेले. बाहेरपर्यंत रांग, बारीक पाऊस, आणि मी मनात चार शब्द घोकत होते, "सॉरी फॉर युअर ट्रबल". सगळे तेवढंच म्हणतात, हात मिळवतात, पुढे सरकतात. माझा नंबर आला आणि तेवढं पण तोंडातून निघेना, मी नुसता तिचा हात धरला. तिने माझा हात सोडला नाही, शेजारी उभ्या असलेल्या तिच्या भावाला म्हणाली ही आमच्या दुकानातली, आणि माझं नाव सांगितलं, पूर्ण, बरोबर. मला माहीतच नव्हतं तिला माझं नाव येतं.

पुढच्या आठवड्यापासून चहाच्या सुट्टीत ती माझ्यासाठी खुर्ची ठेवायची. माझ्या पोरीची पहिली स्वेटर तिने विणलेली आहे.

म्हणून सांगते, तुझ्या वर्गातल्या किंवा कामावरच्या कोणाच्या घरी कोणी गेलं तर जा. कुठे, किती वाजता ते आरआयपी डॉट आयई या वेबसाइटवर असतं. फक्त घर खासगी असं लिहिलं असेल तर घरी जायचं नाही.

बाकी बारीकसारीक. शनिवारी सकाळी साडेनऊला बॅलिनकॉलिगच्या पार्कात पार्करन असते, पाच किलोमीटर, फुकट. पळायचं नसेल तर व्हॉलंटियर हो, पिवळं जॅकेट घालून वळणावर उभं राहायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाला "वेल डन" म्हणायचं, बोलायला सुरुवात म्हणून याहून सोपं काम मला माहीत नाही. आणि फॉल्चा इश्ट्याख नावाचे वर्ग आहेत, 2006 ला मीथ काउंटीतल्या समरहिलला सुरू झाले, आता देशभर आहेत. बहुतेक रिटायर्ड माणसं आपल्यासारख्यांशी गप्पा मारायला बसतात, पैसे घेत नाहीत. ग्रँड परेडवरच्या लायब्ररीत विचार, जवळ कुठे असेल तर सांगतील. म्हाताऱ्यांचं काय करू म्हणू नको, त्यांना वेळ असतो, तुझ्या वयाच्या पोरांना नसतो. पण जे धरशील ते सहा आठवडे सोडू नको, तीच जागा, तीच वेळ. पहिले तीन आठवडे काहीही होत नाही, मोकळ्या हाताने घरी येशील, ते धरूनच चाल.

उद्यापासून एवढंच कर, 208 नंबरच्या बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्स म्हण, इथे सगळे म्हणतात, तुझ्या लक्षात आलं नसेल कारण तू कानात हेडफोन घालून उतरतोस, मी बघितलंय तुला एकदा.

रविवारी जेवायला ये. पोरीला तुझ्याशी मराठी बोलायचंय आणि तिला जमत नाही, म्हणून ती लाजते, म्हणजे तुझ्यासारखंच झालंय. तिच्या चुका काढू नको. येताना इंडियन स्टोअरमधून कढीपत्ता आण, मागच्या वेळी म्हणालास आणतो आणतो आणि हात हलवत आलास. आय विल, येह वालं आणतो होतं ते.

ताई