नारू, बारव आणि हापसा

प्रश्न : गावातल्या जुन्या बारवेचा गाळ पोरांनी काढला. पाणी नितळ लागलंय. पण आजी म्हणते, ‘त्या पाण्यानं नारू होतो, तोंडात घालू नका.’ नारू परत येईल का? त्याची लस कोणती होती? (एक वाचक, ता. अंबाजोगाई)

उत्तर : आजी खोटं बोलत नाहीत. पण लस कधीच नव्हती आणि औषधही नव्हतं. देवी लशीनं गेली, नारू गेला फडक्यानं आणि हापशानं.

आरोग्य खात्यात नवा होतो तेव्हा एका वस्तीवर बाजेवर पडलेला सालगडी पाहिला. घोट्याजवळच्या फोडातून शेवईसारखा पांढरा किडा, म्हणजेच नारू, निघालेला, काडेपेटीच्या काडीला गुंडाळलेला. रोज थोडा थोडा ओढायचा. घाईत तुटला की पाय सुजून पू धरायचा. हातभर लांबीचा तो जीव पुरा निघेपर्यंत आठवडे जायचे, आणि तेही ऐन पेरणीत!

सगळी भानगड पायऱ्यांची. फोडाची आग होते म्हणून माणूस बारवेत पाय बुडवतो, त्यासरशी मादी लाखो पिल्लं सोडते. पाण्यातले सायक्लॉप्स नावाचे बारीक जीव ती पिल्लं गिळतात आणि घागरीतून आपल्या पोटात येतात. सुमारे वर्षानं नवा फोड.

१९८३-८४ला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रही बाधित राज्यांत होता. घरोघर रुग्ण शोधायचे, पाणी दुपदरी फडक्यानं गाळायला लावायचं, विहिरीत सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस टाकायचं, पायऱ्या बंद करून कठडा बांधायचा. हे औषध विहिरीत टाकू द्यायला लोक सहजासहजी तयार नसत, ते एक वेगळंच पुराण!

त्याआधी १९७२च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर पडले होते, त्यांनीही हातभार लावला. आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही, पण जालन्याच्या ख्रिस्ती मिशनमध्ये पोलादी हातपंप घडला, पुढे सोलापूरचा आला आणि त्यावरून देशभर गेलेला ‘इंडिया मार्क टू’ हापसा.

देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला. पुढं तीन वर्षं कडक पाळत ठेवली, मग फेब्रुवारी २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त जाहीर केला.

तेव्हा बारव खुशाल जपा. मात्र कावीळ, गॅस्ट्रो कुठं गेलेले नाहीत. पाणी प्यायचंच असेल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून नमुना तपासून घ्या, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका आणि पायऱ्यांवर धुणं-भांडी बंद करा.