मोबाइल कोण, फोन की माणूस?

‘मिडलवेअर सपोर्टिंग मोबाइल यूजर्स इन युबिक्विटस कम्प्यूटिंग एन्व्हायर्न्मेंट्स’ या शीर्षकाचं ‘सर्वव्यापी संगणन पर्यावरणात भ्रमणध्वनी वापरकर्त्यांना पाठिंबा देणारी मध्यसामग्री’ असं भाषांतर चालेल का, अशी विचारणा झाली आहे.

आधी ‘भ्रमणध्वनी’ काढा. मराठीत मोबाइल म्हणजे हातातला फोन. या शीर्षकात मोबाइल आहे तो माणूस, या खोलीतून त्या खोलीत जाणारा. १९९०च्या सुमारास केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत लोक अंगावर एक बिल्ला लावत. तो दर १५ सेकंदांनी अवरक्त किरणांतून आपली खूण पाठवी, खोल्यांतले संवेदक ती टिपत, आणि त्या माणसासाठी फोन आला की तो असेल तिथल्या जवळच्या फोनवर जोडून देता येई. फोन जागचे हलत नव्हते, हलत होता माणूस! ‘फिरतीची नोकरी’, ‘साहेब फिरतीवर आहेत’ हे आपण सहज बोलतो, तेव्हा ‘फिरता वापरकर्ता’ म्हणायला काहीच हरकत नाही.

‘सर्वव्यापी’ मात्र राहू द्या. हा तर देवाला लावायचा शब्द, असं कुणाला वाटेल. पण ‘युबिक्विटी’ (सर्वत्र असणं) हाही धर्मचर्चेत मुरलेलाच शब्द आहे, ख्रिस्त सर्वत्र असतो का, या ल्यूथरपंथीय ख्रिस्ती लोकांच्या वादात तो गाजला. शिवाय झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातल्या मार्क वाइजर यांनी १९८८च्या आसपास ही कल्पना मांडली, तिचा गाभाच असा की संगणक सगळीकडे असावेत, पण जाणवू नयेत. चराचरात भरलेलं, तरी न दिसणारं. याला ‘सर्वव्यापी’हून नेमका शब्द मला सापडत नाही.

‘पर्यावरण’ म्हटलं की नद्या-जंगलं आठवतात, ‘परिसर’ बरा. पाठिंबा पक्षाला देतात, इथे सोय पाहायची आहे.

राहिलं ‘मिडलवेअर’. हा शब्द जुना आहे, जर्मनीत गार्मिशला १९६८ साली भरलेल्या सॉफ्टवेअर परिषदेच्या अहवालातही तो सापडतो. खालची यंत्रणा आणि वरचं अ‍ॅप यांच्या मधे ते बसतं. माणसाने खोली बदलली, संगणकाचा पडदा बदलला, नेटवर्क बदललं, तरी त्याचं अर्धवट काम त्याच्यापर्यंत पोचवायचं, ही इथे मिडलवेअरची जबाबदारी. ‘मध्यसामग्री’ने गोदामातला माल डोळ्यांपुढे येतो. ‘मध्यस्थ आज्ञावली’ मला पटतं, कारण मध्यस्थाला दोन्हीकडची भाषा कळते. बोलताना मिडलवेअरच म्हणा. सॉफ्टवेअर चालतं, तर त्याने काय घोडं मारलंय?

माझं शीर्षक असं होईल: ‘सर्वव्यापी संगणनाच्या परिसरात फिरत्या वापरकर्त्यांची सोय पाहणारी मध्यस्थ आज्ञावली’.