व्हायरसप्रूफ टोमॅटोच्या बियाला आगाऊ पैसे देऊ नको

भावा, शेंड्याची पानं वाटीसारखी वळलीत, झाड बुटकं राहिलंय असं तू लिहिलंस आणि मला माझं शिरोळचं वीस गुंठे रान आठवलं. दुकानदार म्हणतोय, पुढच्या हंगामाला जीन एडिटिंगचं, म्हणजे झाडाच्याच जीनमध्ये नेमका बदल केलेलं, व्हायरसप्रूफ बी देतो, आत्ताच बुकिंग करा. करू नको. टोमॅटोचं असं बी आपल्याकडं विक्रीला आलेलंच नाही. मे २०२५ मध्ये आपल्याकडं जाहीर झालेले एडिटिंगचे दोन वाण भाताचे, कमला आणि पुसा डीएसटी राईस १. व्हायरसशी त्यांचा संबंध नाही.

तंत्र खोटं नाही. २०१६ साली इस्रायलमध्ये काकडीचा ईआयएफ४ई हा जीन क्रिस्परनं, म्हणजे जीन कापायच्या कात्रीनं, बिघडवला. काही व्हायरसना वाढायला त्या जीनपासून बनणारं झाडाचंच प्रथिन लागतं. ते मिळेना म्हणून तीन व्हायरस अडले. पण ते तिन्ही आरएनएवाले, म्हणजे ज्यांचे जीन आरएनएचे असतात असे, एकाच घराण्यातले. तुझा बहुतेक पांढरी माशी पसरवते तो पानं वळवणारा लीफ कर्ल, तो डीएनएवाला, म्हणजे वेगळ्याच जातीचा. कसाव्यात (साबुदाण्याच्या कंदात) तसल्या डीएनएवाल्या व्हायरसलाच क्रिस्परनं कापायचा प्रयोग झाला, तर कात्रीला न जुमानणारा व्हायरस तयार झाला (२०१९). फोटोवरून बोलतोय हां, मी काही शास्त्रज्ञ नव्हे.

माझं वाटोळं बियानं नाही, कागदानं झालं. पहिली अकरा रोगट झाडं दिसली तेव्हाच उपटायची, तर मी एक फांदी पिशवीत घालून एका कार्यालयात गेलो. "रिपोर्ट येईपर्यंत झाडं ठेवा, पंचनाम्याला लागतील." ठेवली! तिसऱ्या खेपेला बघतोय तर माझी पिशवी त्याच खिडकीत, गाठसुद्धा सोडलेली नाही, आत पानांचं काळं पाणी. तोवर अकराची अडीचशे झाली होती. पंचनामा झालाच नाही, तारकाठीचा खर्चही अंगावर. अजून त्या रस्त्यानं गेलो की डोकं फिरतं.

तेव्हा उद्या पहाटे, माशी सुस्त असताना, रोगट झाडावर पोतं घालून मगच उपट आणि पुरून टाक. बांधावर फेकू नको. व्हायरस मारायची म्हणून बाटली देतील, तीही घेऊ नको. औषध माशीवर असतं, व्हायरसवर नाही. पुढच्या वेळी टीवाय जीनचा, म्हणजे लीफ कर्लला तोंड देणाऱ्या जीनचा, हायब्रिड माग. तो रानटी टोमॅटोशी साधा संकर करून आलाय, एडिटिंगचा नाही. त्यावरही रोग येतो, पण कमी, असा माझा अनुभव. दुसऱ्याचा वेगळा असेल.

रोपं आणायला गेलास की ट्रे हातानं हलवून बघ. पांढरं काही उडालं तर गाडी रिकामी परत आण.