एकाच लॅटिन शब्दाचे रोमान्स (लॅटिनपासून निघालेल्या) भाषांत परस्परविरुद्ध अर्थ कसे झाले?

‘प्लिकारे’ या लॅटिन क्रियापदाचा अर्थ घडी घालणे असा होता आणि फ्रेंच ‘प्लिए’ व इटालियन ‘पिएगारे’ यांनी तो बराचसा जपला. मात्र त्याच मुळातून आलेल्या स्पॅनिश ‘येगार’ आणि पोर्तुगीज ‘शेगार’चा अर्थ पोहोचणे, तर रोमानियन ‘प्लेका’चा अर्थ निघणे असा आहे. बंदरात शिरताना खलाशी शिडे गुंडाळत, असे ‘पोहोचणे’ या अर्थाबद्दल सांगतात. जहाज किनाऱ्याला लावणे यासाठी लॅटिनमध्ये ‘आप्लिकारे’ वापरत, हा आधार मला अधिक भक्कम वाटतो. रोमानियनबाबत सैनिक तंबू गुंडाळून कूच करीत, ही उपपत्ती लोकप्रिय असली तरी ती अनुमानच आहे. ‘प्लेका’ला मान झुकवणे हा अर्थही आहे.