लॅपटॉपचा रंग आधी कुठून जातो?

प्रश्न: ताई नमस्कार, मी फोंड्याहून लिहितेय, ऑफिस पणजीला पाटोवर, रोज कदंबाने (गोव्याच्या सरकारी बसने) ये-जा. आठ महिन्यांपूर्वी ॲल्युमिनियम बॉडीचा गडद निळा लॅपटॉप घेतला, लांबून काळाच वाटतो, रंगावर भाळूनच घेतला खरं तर. आता चार्जरची पिन घालायच्या भोकाभोवती चंदेरी ठिपके दिसायला लागलेत आणि पुढच्या कडेला डाव्या बाजूला एक बारीक पांढरी रेघ उमटलीय. दुकानात विचारलं तर म्हणे वापराने होतं, वॉरंटीत बसत नाही. इतक्या लवकर रंग जातो का? काही लावून परत येईल?

उत्तर: ताई, वाईट वाटणं साहजिक आहे, एवढे पैसे घालून घेतलेली वस्तू. पण आधी एक सांगते, तुमच्या लॅपटॉपला रंग 'लावलेला' नाहीये. गेटला ऑइलपेंट मारतो तसा थर नाही तो. ॲल्युमिनियम सल्फ्युरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून त्यातून करंट सोडतात, मग धातूच्या वरच्या कातडीचंच ऑक्साइड बनतं. त्या ऑक्साइडला डोळ्याला न दिसणारी बारीक बारीक छिद्रं असतात, त्यात रंग मुरवतात आणि शेवटी बहुतेक वेळा गरम पाण्याने ती छिद्रं बंद करतात. याला ॲनोडायझिंग म्हणतात. म्हणजे भिंत रंगवण्यापेक्षा हे कापड रंगवण्याच्या जवळचं. म्हणूनच तो पेंटसारखा पोपडे धरून निघत नाही, आणि तुमची ती रेघ आपोआप पसरत जाणार नाही, एवढी खात्री बाळगा.

मग गेला कसा? हा थर साधारण 5 ते 25 मायक्रॉनचा असतो, आपला केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या. थर स्वतः भलताच कडक, माणिक आणि नीलम मुळात याच ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. पण खालचं ॲल्युमिनियम मऊ. खाजन शेतातलं, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतातलं, पाणी उतरलं की चिखलावर उन्हाने पापडी धरते ना, ती वरून टणक वाटते पण पाय दिला की खालचा चिखल दबतो आणि पापडी तडकते, अगदी तसंच होतं इथे. टोकदार काहीतरी जोरात टेकलं की धातू खचतो आणि वरचा रंगीत थर फुटतो.

त्यातही कडा सगळ्यात कच्च्या. हा थर पृष्ठभागातून सरळ वर वाढतो, त्यामुळे सपाट जागी एकसंध होतो, पण तीक्ष्ण कोपऱ्यावर दोन बाजूंचे थर दोन दिशांना वाढतात आणि मधे चीर राहते. चार्जिंगचं भोक म्हणजे सगळी कडाच कडा. पिनेचं टोक स्टीलचं. दिवसातून दोनदा चार्जर लावला तर आठ महिन्यांत 480 वेळा ते टोक त्या कडेवर आपटलंय, आणि त्यातले निम्मे वेळा आपण अंधारात चाचपडत भोक शोधत असतो. पुढच्या कडेची रेघ डावीकडेच का, तर माझा अंदाज असा की घड्याळ डाव्या हातात असणार. धातूच्या पट्ट्याचं बक्कल बरोब्बर तिथेच टेकतं. टाइप करताना घड्याळ काढून ठेवा, बांगड्या असतील तर थोड्या वर सरकवा, आणि पिन लावताना भोकाकडे बघून लावा. एवढ्याने खूप फरक पडेल.

आणि हो, फक्त तुमच्याच लॅपटॉपचं असं नाही. 2012 साली काळा आयफोन 5 आला तेव्हाही कडांचा रंग उडतो म्हणून जगभर बोंब झाली होती, पुढच्या वर्षी 5एसला त्या काळ्याच्या जागी फिकट स्पेस ग्रे आला. चंदेरी लॅपटॉपलाही एवढेच ओरखडे पडतात, फक्त खालचा धातूही चंदेरीच, त्यामुळे नजरेत भरत नाहीत.

परत रंग आणायचा तर जुना थर उतरवून, सगळी बॉडी सुटी करून पुन्हा ॲनोडायझिंग करावं लागेल, त्या भानगडीत पडू नका. मार्करने भरू नका, उजेडात जांभळट दिसतो आणि दोन दिवसांत हाताला लागतो. टूथपेस्ट आणि खायचा सोडा तर मुळीच नको. पेस्टमध्ये घासणारी बारीक पूड असते, सोडा क्षारी असतो, आणि या थराला क्षार सोसत नाही. फरशी पुसायचं लिक्विड पण लांबच ठेवा. नुसतं ओलसर मऊ फडकं आणि मग कोरडं, बास.

प्रश्न: ताई, मी पेडण्याचा, कॉलेजला लॅपटॉप घ्यायचाय. घरचा शॅक (खाण्यापिण्याची झोपडी) आहे किनाऱ्यावर, संध्याकाळी तिथेच बसून अभ्यास करतो. काळा घेऊ की सिल्व्हर? वर प्लास्टिकचं कडक कव्हर घालू का?

उत्तर: सिल्व्हर घे, डोळे झाकून. काळा शोरूममध्ये छान दिसतो, पण तुझ्या जागेवर रेती आणि खारं वारं दोन्ही आहे. रेतीतल्या गारगोटीचा कडकपणा मोहस् मापावर (कडकपणा मोजायची 1 ते 10 ची पट्टी) 7, आणि उघडं ॲल्युमिनियम 3 च्या पण खाली, तेव्हा थराखालच्या धातूचा रेतीपुढे काय टिकाव लागणार. रेती बसलेला लॅपटॉप कधीही थेट पुसायचा नाही. आधी मऊ ब्रशने झाडायचा, मगच फडकं. कोरडं फडकं आणि खाली रेती म्हणजे पॉलिशपेपर झाला.

कडक कव्हरबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. आत रेती शिरली की ती बाहेर येत नाही, कव्हर हलत राहतं आणि रेती आतल्या आत घासत राहते, वर पावसाळ्यात ओलही कोंडते. घालायचंच असेल तर दर आठवड्याला काढून दोन्ही बाजू साफ करायची तयारी ठेव. त्यापेक्षा चिकटवायची पातळ व्हिनाइल स्किन बरी, फक्त हवेची भोकं झाकू देऊ नकोस. घरी गेल्यावर ओलसर फडक्याने मीठ पुसून घे, कारण थर फुटलेल्या जागी मीठ साचलं की धातूला बारीक खड्डे पडून पांढरी पूड येते.

दुकानदार सांगेल की आता काळ्या मॉडेलला खास सील येतं. ॲपलने 2023 च्या स्पेस ब्लॅक मॅकबुक प्रोला आणि 2024 च्या मिडनाइट (गडद निळ्या) मॅकबुक एअरला तसं दिलंय खरं, पण ते बोटांचे ठसे कमी दिसावेत म्हणून. ओरखड्यांसाठी नव्हे.

प्रश्न: वास्कोहून लिहितोय. माझा जुना लॅपटॉप, झाकणावर रबरासारखा मऊ थर होता, दोन पावसाळे कपाटात राहिला आणि आता हाताला गुळासारखा चिकटतो. काय करावं?

उत्तर: काका, ही वेगळीच गोष्ट, हे ॲनोडायझिंग नव्हे. असे मऊ थर बहुधा पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचे असतात आणि हवेतला दमटपणा त्यांना हळूहळू आतून तोडतो. आपल्याकडे जूनपासून कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी धरते, तिथे या थराचं काय होणार. एकदा चिकट झाला की परत कोरडा होत नाही, पावडर लावून दोन दिवस बरं वाटतं आणि मग मळ धरून आणखी घाण होतं, पूर्ण काढून टाकणं हाच उपाय.

माझ्याकडे असाच एक होता. बंद केला, चार्जर काढला, फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं (थेट लॅपटॉपवर ओतायचं नाही) आणि आधी तळाच्या एका कोपऱ्यात घासून बघितलं, कारण काही प्लास्टिकला अल्कोहोल चालत नाही. पाच मिनिटांत काळं, डांबरासारखं निघायला लागलं. सहा फडकी गेली, अख्खी दुपार गेली, कंपनीचं नाव पण पुसलं गेलं, पण खालचं साधं काळं प्लास्टिक स्वच्छ कोरडं निघालं आणि भाची अजून त्याच्यावरच प्रोजेक्ट करते.